पोरगं कॉलेजला चाललं: खान्देशातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

बारावीचा निकाल लागतो तेव्हा खान्देशात शेतीच्या कामांची घाई सुरू असते. घरातले मोठे बियाणं-खताच्या धावपळीत असतात आणि त्याच दिवसांत ॲडमिशनचे फॉर्म, तहसीलचे दाखले, फी, खोलीचा शोध असं सगळं एकदम अंगावर येतं. ज्या घरातून आधी कुणी पदवीला गेलंय तिथे निदान विचारायला माणूस असतो. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी चाललंय, तिथे पोरगं गावातल्या सायबर कॅफेवाल्याला विचारतं आणि तो सांगेल ते करतं. हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे.

नव्या मुलांना मदत करताना दरवर्षी एकच गोष्ट दिसते. पहिल्या सेमिस्टरला अभ्यास जड गेला म्हणून कॉलेज सोडणारी मुलं कमी असतात. एखादा कागद अडकला, पैसे वेळेवर आले नाहीत, घरच्यांना नेमकं काय चाललंय ते कळलं नाही, अशा कारणांनी सुटलेली जास्त. या गोष्टी आधी ठरवून करता येतात, आणि त्यातल्या बऱ्याच घरी बसूनच करायच्या असतात.

आपलं विद्यापीठ कोणतं, ते आधी नक्की करा

आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ पासून त्याचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असं आहे. त्याचा परिसर जळगावबाहेर, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, गिरणेकाठच्या टेकड्यांवर आहे. पण तिथे शिकणारे बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थी असतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांचं रोजचं काम आपापल्या कॉलेजातच चालतं, मग ते अमळनेरचं असो, शहाद्याचं असो की चाळीसगावचं. विद्यापीठ परीक्षा घेतं आणि पदवी देतं.

हे लक्षात ठेवायचं कारण असं की अडचण आली की घरचे थेट 'युनिव्हर्सिटीत' जाऊन येतात, भाडं आणि दिवस दोन्ही खर्च होतात, आणि काम निघतं कॉलेजच्याच खिडकीवरचं. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयासारखी स्वायत्त कॉलेजं तर परीक्षाही स्वतःच घेतात. काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि मेडिकल-नर्सिंगचं सगळं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे असतं. मालेगाव, सटाणा, कळवण भागातली बरीच मुलंही अहिराणी बोलतात, पण जिल्हा नाशिक असल्यामुळे तिथली कॉलेजं आजही पुणे विद्यापीठाकडेच आहेत. ॲडमिशनच्या दिवशीच क्लार्कला दोन प्रश्न विचारून वहीत लिहून ठेवा: परीक्षा कोण घेणार, आणि तक्रार असली तर पहिल्यांदा कुणाकडे जायचं.

कागदांची फाईल

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. मूल अकरावीत असतानाच सुरुवात केली तर उत्तम.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता म्हणजे 'व्हॅलिडिटी' तपासणी समितीकडून मिळते. आरक्षणातून इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर ती लागतेच, आणि तिला वेळ लागतो. समितीपुढे त्या जातीसाठी ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा ठेवावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे मुलाचा किंवा वडिलांचा शाळेचा दाखला बहुधा पुरत नाही, आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल पुस्तकाची नक्कल काढा, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदींसोबत जात लिहिलेली असते. काका, आत्या, चुलतभाऊ यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ जोडा, काम बरंच सोपं होतं. म्हणून भाऊबंदकीत बोलचाल बंद असली तरी या एका कागदासाठी काकांच्या घरी जा. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाची समिती वेगळी असते, तिथे पुरावे जास्त बारकाईने पाहतात. तिथला अर्ज तर अजिबात लांबवू नका.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, आणि तो जुना झालेला चालत नाही. ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाला नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्रही लागतं, त्याचीही मुदत पाहा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि सर्व्हर अडकतो, त्यामुळे हे दोन्ही अर्ज एप्रिल-मे महिन्यातच करून टाका. शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याच्या आणि गुणपत्रकाच्या भरपूर झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन ठेवा. मूळ दाखला एकदा कॉलेजात जमा झाला की परत मिळवायला अर्ज करावा लागतो.

नावातला फरक हा आपल्याकडचा कायमचा त्रास आहे. आधारवर 'भाऊसाहेब', मार्कशीटवर 'भाऊलाल', बँकेत आडनावच पुढे, आईचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं. माणसाला कळतं की हे सगळे एकच आहेत, पोर्टलला कळत नाही. दहावीच्या गुणपत्रकावर जसं नाव आहे तसंच आधार आणि बँकेत करून घ्या, निकालाची वाट न पाहता.

आणि एक कळकळीची विनंती. फॉर्म सायबर कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या. दुकानदाराचा नंबर टाकला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात, दुकान बंद झालं की खातं उघडता येत नाही. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड घरातल्या एका वहीत लिहून ठेवा. तो मोबाइल नंबर आधारला जोडलेला असावा, आणि निदान पदवी होईपर्यंत बदलू नये. कंपनी नवी ऑफर देते म्हणून सिम बदलणं या तीन वर्षांत महागात पडतं.

शिष्यवृत्ती आणि फीमधली सवलत

बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, विमुक्त-भटके यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख रुपये. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहता येते. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी आणखी तीन योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम्, आणि ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा.

मुलींच्या पालकांनी हे विसरू नये: जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के माफी झाली आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ती लागू नाही. 'पोरीच्या इंजिनिअरिंगला एवढा पैसा कुठून आणायचा' म्हणून तिला जवळच्या कॉलेजात बी.ए.ला बसवण्याआधी ही माहिती घ्या.

शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण बँक खातं असतं. खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं, आणि सरकारी पैसे त्या खात्यात यावेत म्हणून आधार 'सीडिंग' झालेलं असणं वेगळं. घरात दोन-तीन खाती असतील तर पैसे शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातात. कुणीतरी मधे पोस्टाचं खातं उघडून दिलं असेल तर तिथेही जाऊ शकतात. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) आधार सीडिंग करून द्या' असं स्पष्ट म्हणा आणि झाल्याची खात्री करा.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं समजू नका. तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो, तिथला क्लार्क तपासून पुढे पाठवतो किंवा त्रुटी काढून परत पाठवतो. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष वाया जातं. दर आठवड्याला लॉगिन करून पाहा. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, हे बऱ्याच घरांना फार उशिरा कळतं.

राहायचं की अपडाऊन करायचं

भुसावळ, पाचोरा, अमळनेर, धरणगावहून जळगावला रेल्वेने अपडाऊन करणारी मुलं पुष्कळ. घर ते कॉलेज या प्रवासासाठी रेल्वे मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते, मुलांना बारावीपर्यंत. त्यापुढे मुलांना सवलतीचा पास मिळतो. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांशच भरायचा. दोन्हीसाठी कॉलेजचा दाखला लागतो, तो पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

एका बाजूचा प्रवास तासाभरात होत असेल तर अपडाऊन चालतं. दीड-दोन तास लागत असतील, त्यात सायन्सचे प्रॅक्टिकल दुपारी उशिरापर्यंत असतील आणि गावची शेवटची गाडी लवकर असेल, तर निदान पहिलं वर्ष शहरात राहावं असं माझं ठाम मत आहे. पैसे वाचवण्यासाठी केलेलं अपडाऊन हजेरी खातं, आणि हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की परीक्षेला बसण्यावरच प्रश्न येतो.

वसतिगृहासाठी आधी सरकारी पर्याय पाहा. समाजकल्याण विभागाची वसतिगृहं आहेत, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा इथल्या प्रकल्प कार्यालयांखालची. नंबर लागला नाही तर खोली. धुळ्याला कॉलेजं देवपूरकडे जास्त, म्हणून खोल्याही तिथेच शोधतात. खोली पाहताना भाड्याआधी हे विचारा: नळाला पाणी किती दिवसांआड येतं आणि साठवायला टाकी आहे का, लाईटबिल भाड्यात धरलंय की वेगळं, डिपॉझिट कधी आणि किती कापून परत मिळतं, रात्री किती वाजता गेट लावतात. वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली स्वस्त मिळते, पण दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा एप्रिल-मेमध्ये येते आणि तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो. त्या पत्र्याखाली अभ्यास होत नाही. थोडं भाडं जास्त गेलं तरी स्लॅबची, शक्यतो खालच्या मजल्यावरची खोली घ्या.

एका खोलीत दोघं-तिघं राहणार असतील तर निदान एक जण दुसऱ्या गावचा असू द्या. सगळे एकाच गावचे असले की सोमवारी उगवायचे आणि शुक्रवारी दुपारीच गावाकडे निघायचे, शहर त्यांना कळतच नाही.

जेवणाचं थोडक्यात. मेस लावण्याआधी दोन दिवस पैसे देऊन जेवून पाहा. पहिल्या महिन्यात बहुतेकांचं पोट बिघडतं, त्यामुळे रोज शेवभाजी आणि तर्री नको. घरून बिबडे, कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी पाठवता येते. गावाहून एसटीने रोज डबा पाठवायची सोय असेल तर सुरुवातीला पाठवा, पण आईला पहाटे चारला उठायला लावून वर्षभर ते चालू ठेवू नका.

पहिले तीन आठवडे (हे थेट विद्यार्थ्याशी)

पहिल्या दिवसापासून जा. 'अजून तास सुरू झाले नाहीत' असं गावातला सिनिअर सांगेल, त्याचं ऐकू नकोस. ओळखपत्र, लायब्ररीचं कार्ड, बँकेची कामं, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप हे सगळं त्याच दिवसांत होतं, आणि वर्गातल्या ओळखीही तेव्हाच होतात. महिनाभराने आलेल्याला सगळे गट बनलेले दिसतात.

तुझा कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, मिळाला की पाठ करून टाक. परीक्षा, निकाल, पदवी सगळीकडे तोच लागतो. डिजिलॉकरवर, म्हणजे सरकारच्या कागदपत्रांच्या ॲपवर, खातं काढ आणि एबीसी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी तयार कर, कारण नव्या शैक्षणिक धोरणात तुझे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, तिथेच जमा होतात.

हे नवं धोरण संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं आहे आणि विषय निवडताना सगळ्यांचा गोंधळ होतो. सोपं करून सांगायचं तर तुझा मुख्य विषय मेजर, त्याला जोडून घेतलेला दुसरा विषय मायनर, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय ओपन इलेक्टिव्ह, आणि त्यासोबत भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण यांचे छोटे पेपर. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मधे बाहेर पडायला थोडे जास्तीचे श्रेयांकही लागतात. मित्राने घेतला म्हणून मायनर घेऊ नकोस. पुढे एम.ए., एम.एस्सी. किंवा बी.एड. करायचं असेल तर कोणता विषय लागेल ते शिक्षकांना आधी विचार. अभ्यासक्रमाची पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. ती छापून घे. काय शिकवणार आहेत आणि परीक्षेला काय येणार आहे ते त्या कागदावर असतं, आणि वर्गातल्या बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो.

शाळेत सर नाव घेऊन उभं करायचे, गृहपाठ तपासायचे. इथे कुणी विचारणार नाही. तास चुकला तर फोन येणार नाही. म्हणून पहिल्या महिन्यात निदान एका शिक्षकाला तुझं नाव आणि गाव माहीत झालं पाहिजे. तास संपल्यावर एक खरी शंका घेऊन जा, एवढं पुरे. बऱ्याच कॉलेजांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर शिक्षक नेमून दिलेले असतात. ते कोण आहेत ते विचारून घे.

राष्ट्रीय सेवा योजना किंवा एनसीसीत नाव द्यायचं असेल तर पहिल्याच महिन्यात द्यावं लागतं. गाता येतं, नाटक येतं, वहीगायन केलेलं असेल, तर विद्यापीठाच्या 'युवारंग' युवक महोत्सवासाठी कॉलेजची निवड कधी होते ते विचार. पैशांची ओढाताण असेल तर 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे कर. लायब्ररीत किंवा ऑफिसात थोडे तास काम करून खिशापुरते पैसे मिळतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बोलीचा आणि इंग्रजीचा प्रश्न

घरी अहिराणी, लेवा गणबोली, तावडी किंवा गुजर बोली बोलणारं मूल वर्गात गप्प बसतं, कारण तोंड उघडलं की हेल ऐकून पोरं हसतील अशी भीती असते. काही वर्गांत हसतातही. तरीही शंका विचारायची. 'सर, माले समजनं नही' असं तोंडातून निघालं तरी चालेल, इथले बहुतेक शिक्षक तुमच्याच बोलीत वाढलेले असतात. दोन-तीन महिने बोलत राहिलं की जीभ प्रमाण मराठीला सरावते आणि घरची बोलीही जात नाही.

धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडून येणाऱ्या भिली आणि पावरी बोलणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. वर्गात ती मुलं गप्प दिसतात तेव्हा ती मनातल्या मनात दोनदा भाषांतर करत असतात. शिक्षकांनी आणि वर्गमित्रांनी त्यांना उत्तरासाठी थोडा जास्त वेळ द्यावा. आणि त्या मुलांनी आपल्या भागातला एखादा सिनिअर शोधून आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत नोट्स घेऊन बसावं.

आर्ट्स आणि कॉमर्सच्या बऱ्याच विषयांचे पेपर मराठीत लिहिता येतात, सायन्सला इंग्रजी टाळता येत नाही. तिथे आधी व्याकरणाच्या मागे लागू नका. प्रत्येक धड्यातले विषयाचे शब्द, म्हणजे बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या संज्ञांची इंग्रजी नावं, एका वहीत समोरासमोर लिहा. पहिल्या दोन महिन्यांत ही वही भरली तर पुस्तक उघडायची भीती जाते.

आता आई-वडिलांशी

ॲडमिशनच्या दिवशी मुलासोबत जा. नंतर एकदा, दीड-दोन महिन्यांनी, पुन्हा जा आणि मेंटॉर शिक्षकांना भेटा. पालक मेळावा असेल तर तो चुकवू नका. शेतातून तसेच आलात तरी काही बिघडत नाही, आणि शिक्षकांशी बोलायला इंग्रजी लागत नाही. 'हजेरी कशी आहे, काही अडचण आहे का' हे दोन प्रश्न पुरेत. मग मात्र पाठीमागून रोज चौकशी करू नका.

फोनची वेळ ठरवून घ्या. 'अभ्यास कसा चाललाय?' या प्रश्नाला 'बरा' यापलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी आज कोणत्या सरांचा तास होता, जेवायला सोबत कोण होतं, खोलीवर कोण आजारी आहे, असं विचारा. पहिल्या महिन्यात मुलगा किंवा मुलगी रडून 'मला घरी यायचंय' म्हणाली तर लगेच 'ये' म्हणू नका, आणि 'एवढे पैसे भरलेत' असंही म्हणू नका. ऐकून घ्या, पुढच्या रविवारी भेटायला जा. घराची ओढ बहुतेकांची दिवाळीपर्यंत कमी होते.

दुसरी गोष्ट शेतीची. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा आणि कापूस वेचणी साधारण एकाच काळात येतात. मजूर मिळत नाहीत, भाव दिसत असतो, आणि 'दोन दिवस ये, हात लाव' असा फोन जातो. दोन दिवसांचे आठ होतात. घराची निकड खरी असते, मी ती नाकारत नाही. पण परीक्षेचं वेळापत्रक आलं की ते घरात भिंतीवर लावा आणि त्याच्या आधीचे तीन आठवडे पोराला बोलावायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवा. कानबाईला, पोळ्याला, दिवाळीला जरूर येऊ द्या. आखाजी (अक्षय्य तृतीया) मात्र दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या आसपास येते. सासरी गेलेल्या बहिणी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आणि पोरगी खोलीवर पुस्तक घेऊन बसलेली असते. तिला त्या दिवशी खापरावरची पुरणपोळी पोहोचवा, पण तिने येऊ नये याला घरातल्या मोठ्यांनी पाठिंबा द्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगायलाच हवं. पहिल्या-दुसऱ्या वर्षातच 'पाहुणे बघायला येणार आहेत, उद्या ये' असे फोन सुरू होतात. प्रत्येक फोनला दोन-तीन दिवसांचे तास जातात, त्याहून जास्त तिचं मन अभ्यासातून निघून जातं. पदवी हातात येईपर्यंत हा विषय काढायचा नाही असं आईने आणि मोठ्या मायने एकदा ठणकावून सांगितलं तर बाकीचे नातेवाईक गप्प बसतात. तिच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा निर्धास्त शिकत असतो. तिलाही तेवढाच निर्धास्तपणा मिळाला पाहिजे.

पैशांचं स्पष्ट बोला. शेतीचा पैसा ठरावीक तारखेला येत नाही, कापूस विकला की येतो, केळीची कटनी झाली की येतो. मेस आणि भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं. म्हणून जूनमध्येच चार महिन्यांचं भाडं आणि मेस बाजूला काढता आली तर काढा. नाही जमलं तर मुलाला तसं खरं सांगा, म्हणजे तो खोलीमालकाशी आधीच बोलून ठेवेल. घरची परिस्थिती लपवली की पोरगं मित्रांकडून उसने घेतं आणि ते घरी सांगत नाही. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपपासून त्याला लांब ठेवा.

'अमक्याचा पोरगा पुण्याला गेला' हे वाक्य घरात बोलू नका. अमळनेर, शिरपूर, शहाद्याच्या कॉलेजांतूनही मुलं पुढे मोठ्या ठिकाणी गेली आहेत, आणि पुण्याला गेलेलीही कितीतरी गुपचूप परत आली आहेत.

त्रास झाला तर

रॅगिंग गमतीच्या नावाखाली सुरू होतं: नाव विचारून नाचायला लावणं, जात विचारणं, रात्री खोलीत बोलावणं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखी तक्रार आली की कॉलेजप्रमुखांना सात दिवसांत चौकशी करावी लागते. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) चोवीस तास चालणारी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे. मुलींना कुणी छेडलं, शिक्षकाने वा कर्मचाऱ्याने गैरवागणूक केली, तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं, तिच्या सदस्यांची नावं फलकावर असायला हवीत. अशा वेळी घरी 'तू कॉलेज सोड' असं म्हणणं म्हणजे तिलाच शिक्षा देणं होतं.

मुलगा फोन उचलत नाही, सतत झोपतो, सणालाही यायचं टाळतो, पैसे कुठे जातात ते सांगत नाही, अशी चिन्हं दोन आठवडे टिकली तर खोलीवर जाऊन भेटा. रागावू नका, मारू तर मुळीच नका. मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं, आणि पालकही फोन करू शकतात.

पहिला निकाल

अंतर्गत गुण छोट्या चाचण्या आणि असाइनमेंटमधून जमतात, ते सोडू नका. वर्षाअखेरीस कितीही अभ्यास केला तरी गेलेले अंतर्गत गुण परत मिळत नाहीत. परीक्षेचा अर्ज मुदतीत भरा, हॉल तिकिटावरचे विषय आपले आहेत का तपासा.

बारावीला ऐंशी टक्के पडलेल्या मुलाचा पहिल्या सेमिस्टरला एखादा विषय राहू शकतो. घरात सुतक पाळू नका. एटीकेटी म्हणजे तो विषय राहून पुढच्या सेमिस्टरला बसायची परवानगी, आणि तो विषय नंतर पुन्हा देता येतो. गुण फारच कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. त्याची मुदत निकालाच्या तारखेपासून थोडेच दिवस असते, म्हणून निकाल लागताच दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. राहिलेल्या विषयाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची फी वेगळी असते. तो भरताना त्याच खिडकीवर विचारून घ्या की शिष्यवृत्तीच्या पुढच्या हप्त्यावर याचा काही परिणाम होतो का.